सांगितलेला टाइप, ओळखलेला टाइप

लिहिणारा : तुझं हे फंक्शन पंचवीस ओळींचं, आणि त्यात अकरा वेळा ‘व्हार’. व्हार दर, व्हार यादी, व्हार निकाल. दर पूर्णांक आहे की दशांश? यादी कशाची? निकाल म्हणजे नुसतं हो-नाही, की आणखी काही बांधून दिलंय त्यात? ओळीवर बोट ठेवून मला यातलं काहीच सांगता येत नाही. कंपायलरला सगळं कळतं असं तू आता म्हणशील. कळत असेल. पण रजेवर गेलेल्या माणसाचा कोड रात्री दोन वाजता दुरुस्त करायला कंपायलर बसत नाही, मी बसतो. आम्ही शिकलो तेव्हा व्हेरिएबल डिक्लेअर करायचं म्हणजे आधी टाइप, मग नाव. डबा घेतानाच त्यात मीठ राहणार की पिठीसाखर ते ठरलेलं असायचं, वर चिठ्ठी असायची. तुम्ही चिठ्ठ्या काढून टाकल्यात आणि वर सांगता, चाखून बघा की.

वगळणारी : चिठ्ठी आहे सर. दर, यादी, निकाल ही चिठ्ठीच आहे. गेलाय तो टाइप, आणि तोही फक्त कागदावरून गेलाय. ‘व्हार’ हा शब्द जावास्क्रिप्टमुळे बदनाम झाला. तिथे एकाच व्हेरिएबलमध्ये आत्ता आकडा, मग मजकूर, मग आणखी काहीही ठेवता येतं. सी शार्पमध्ये २००७ साली आणि जावाच्या दहाव्या आवृत्तीत मार्च २०१८ मध्ये जो ‘व्हार’ आला, तो निराळा. उजवीकडे काय आहे ते बघून कंपायलर त्याच ओळीत टाइप ठरवतो आणि पुढे तो बदलू देत नाही. तुम्ही हातानं ‘इंट’ लिहा नाहीतर मी ‘व्हार’ लिहिते. उजवीकडे इंटच असेल तर तयार होणारा प्रोग्रॅम तोच. आणि ही सवय आपल्याला नवी आहे का? ‘डॉक्टर आली’ म्हटलं की डॉक्टर बाई आहेत हे तुम्हाला लगेच कळतं. डॉक्टर या शब्दावर कसली खूण नसते, तुम्ही क्रियापदावरून ओळखता.

लिहिणारा : सोयीचं उदाहरण घेतलंस. ‘डॉक्टर आले’ म्हण ना. आता सांग, एकच डॉक्टर मानानं आले, की तिघं-चौघं मिळून आले? ते वाक्यात नाही, आगेमागे शोधावं लागतं. तुझ्या अकरा ओळींपैकी चार ‘डॉक्टर आली’ जातीच्या आहेत. व्हार ग्राहक, आणि उजवीकडे नवा ग्राहक तयार होताना स्वच्छ दिसतोय. तिथे टाइप पुन्हा लिहायला लावणं हा छळ होता, कबूल. जावामध्ये आम्ही वर्षानुवर्षं तेच लांबलचक नाव एका ओळीत डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा लिहिलं. पण उरलेल्या सात ओळींत उजवीकडे दुसऱ्या कुणाच्या तरी फंक्शनला हाक मारलेली आहे. ते काय परत देतं हे ओळीत नाही, वेगळ्या फाइलमध्ये आहे. धूर दिसला तर अग्नीचं अनुमान करता येतं. तू धूरच दुसऱ्या गावात ठेवलायस.

आणि ‘लिहू नका, आम्ही समजून घेऊ’ ही काही तुमच्या पिढीची युक्ती नाही. १९५७ सालच्या फोरट्रानमध्ये ती होती. नाव ‘आय’पासून ‘एन’पर्यंतच्या अक्षरानं सुरू झालं तर पूर्णांक, नाहीतर वास्तव संख्या. त्यावरून एक जुना विनोद आहे : देवाचं स्पेलिंग ‘जी’नं सुरू होतं, म्हणून कुणी पूर्णांक घोषित करेपर्यंत देव वास्तव आहे. हसायला ठीक. पण त्याच भाषेत १ ते १० अशी फेरी लिहिताना स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, तर कंपायलर मधल्या मोकळ्या जागा गिळून ‘डू१०आय’ नावाचं नवंच व्हेरिएबल बनवायचा आणि त्यात १.१० भरून मोकळा व्हायचा. फेरी गायब, तक्रार शून्य. पुढे ‘इम्प्लिसिट नन’ अशी ओळ प्रोग्रॅमच्या माथ्यावर लिहायची पद्धत पडली. तिचा अर्थ इतकाच : कृपा करून माझ्या वतीनं काही समजून घेऊ नका.

वगळणारी : ते अनुमान नव्हे हो, ती रास झाली. नावाच्या आद्याक्षरावरून माणसाचा स्वभाव सांगायचा! मी ज्याबद्दल बोलतेय त्याची वंशावळ वेगळी आहे. एडिंबरोत रॉबिन मिल्नर सत्तरच्या दशकात प्रमेयं सिद्ध करायला मदत करणारं एक यंत्र बांधत होते. त्यासाठी त्यांनी एमएल ही भाषा केली. त्यांचा १९७८ चा निबंध आणि मग १९८२ मध्ये लुईस दामास यांच्याबरोबरचा निबंध, यांतून जी रीत उभी राहिली तिच्या मुळाशी अगदी साधी गोष्ट आहे. एक फंक्शन घ्या : क्ष मिळालं की क्ष अधिक एक परत द्यायचं. क्षचा टाइप कुठेही लिहिलेला नाही. पण एक हा पूर्णांक आहे, बेरीज त्याच्याशी होते आहे, म्हणजे क्ष पूर्णांकच असला पाहिजे, आणि परत जाणारंही पूर्णांकच. प्रत्येक खुणेचं एक समीकरण मांडायचं आणि सगळी समीकरणं एकदम सोडवायची. आता दुसरं फंक्शन : जे मिळालं ते तसंच परत द्यायचं. इथे क्षवर कसलंच बंधन पडत नाही. म्हणून उत्तर येतं, ‘कुठलाही टाइप द्या, तोच परत मिळेल.’ दामास आणि मिल्नर यांनी सिद्ध केलं की त्यांच्या भाषेत टाइप बसत असेल तर ही रीत सर्वांत व्यापक उत्तर काढते. माणूस इथे बरेचदा कोतं उत्तर लिहितो. पूर्णांकांची यादी उलटी करणारं फंक्शन म्हणून टाइप लिहून बसतो, आणि ते कुठलीही यादी उलटी करू शकतं हे त्याच्या लक्षातही येत नाही. न लिहिल्यानं इथे अधिक कळलं की कमी?

लिहिणारा : अधिक कळलं. कुणाला, ते विचारतोय मी. हा पंथ जिथे सर्वांत कडक पाळला जातो त्या हॅस्केलवाल्यांकडे बघ. त्यांचा कंपायलर जवळजवळ सगळं स्वतः काढू शकतो. तरी ही माणसं प्रत्येक मोठ्या फंक्शनच्या डोक्यावर त्याचा टाइप हातानं लिहितात, आणि सगळ्या सूचना चालू केल्या की न लिहिलेल्या टाइपबद्दल तो कंपायलरच कुरकुरतो. ज्यांना लिहायची गरज नाही तेच आवर्जून लिहितात, याचा काही अर्थ असेल ना?

कारण मी सांगतो. समीकरणं एकदम सोडवण्यात एक गोम आहे. ती जुळत नाहीत एवढंच सोडवणाऱ्याला कळतं. कुठलं चुकलं ते त्याला ठरवता येत नाही. मी चूक केली तिसऱ्या ओळीत. यंत्रानं त्या चुकीवरून इमानदारीत अनुमान काढलं, ते पुढे नेलं, आणि चाळिसाव्या ओळीतल्या बिचाऱ्या बरोबर वाक्याला पकडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मध्ये कुठे तरी मी टाइप लिहून ठेवला असता तर तपास तिथेच थांबला असता. स्विफ्टमध्ये तर कधीकधी कंपायलर चक्क हात टेकतो. हे वाक्य वाजवी वेळात मला तपासता येत नाही, त्याचे तुकडे करून द्या म्हणतो. आणि अनुमानाची रीत सगळीकडे पुरते असंही नाही. थोड्या अधिक ताकदीच्या टाइप-पद्धतीत, जिला सिस्टिम एफ म्हणतात, काहीच न लिहिता टाइप काढणारी रीत असूच शकत नाही, हे जो वेल्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे पुढे जायचं तर माणसाला कुठे ना कुठे तोंड उघडावंच लागतं.

वगळणारी : तोंड उघडू नये असं मी म्हटलंच नाही. उंबरठ्यावर उघडावं, घरात प्रत्येक पावलाला नको. हॅस्केलवाले फंक्शनच्या माथ्यावर लिहितात, आतल्या प्रत्येक नावापुढे लिहीत नाहीत. रस्टनं तर हा नियमच केला : फंक्शनमध्ये काय येतं आणि काय बाहेर जातं ते लिहिलंच पाहिजे, आतलं कंपायलर बघेल. जावाचा ‘व्हार’ही फक्त आतल्या व्हेरिएबलना चालतो. क्लासच्या फील्डला नाही, फंक्शनकडे येणाऱ्या किमतींना नाही, परत जाणाऱ्या किमतीलाही नाही.

आणि लिहिलेला टाइप म्हणजे हमखास खरा टाइप, हे तुम्ही गृहीत धरताय. सी प्लस प्लसमधलं एक उदाहरण सांगते. मॅपमधून एकेक जोडी घेऊन फेरी मारायची आहे. एक शब्द आणि एक पूर्णांक यांची जोडी, असा टाइप माणूस लिहितो, पुढे न बदलणाऱ्या संदर्भाची खूणही करतो, म्हणजे प्रत उतरवली जाणार नाही. वाचणाऱ्याला समाधान. पण मॅपमधल्या जोडीतला शब्द न बदलणारा असतो, आणि शब्दापुढची ती ‘कॉन्स्ट’ची खूण लिहायची राहिलेली असते. टाइप जुळत नाही. कंपायलर ओरडतो का? नाही. तो निमूटपणे प्रत्येक जोडीची नवी प्रत करतो आणि त्या प्रतीचा संदर्भ तुमच्या हातात ठेवतो. लाख जोड्या असतील तर लाख प्रती. तिथे ‘ऑटो’ लिहिलं असतं तर हे झालं नसतं. सी भाषेत मोठी संख्या छोट्या टाइपच्या व्हेरिएबलमध्ये भरली तर ती मुकाट्यानं छाटली जाते. तुम्ही ज्याला घोषणा म्हणता ती अनेक भाषांत घोषणा नसते, रूपांतराचा हुकूम असतो. कंपायलर म्हणतो, साहेबांनी लिहिलंय ना, मग कोंबा.

(संभाषण टिपणाऱ्यानं मध्ये बोलू नये, पण एक सांगतो. जावात दिवसातले मायक्रोसेकंद काढायला २४ × ६० × ६० × १००० × १००० असा गुणाकार करून तो ‘लाँग’ या मोठ्या टाइपमध्ये ठेवला, तर ८६,४०,००,००,००० ऐवजी ५०,०६,५४,०८० मिळतात. लाँग लिहिलेलं असतं, पण गुणाकार त्याआधीच इंटमध्ये होऊन गेलेला असतो. डावीकडचा टाइप वाचून मीही एकदा निर्धास्त झालो होतो.)

लिहिणारा : ही उदाहरणं मला मान्य आहेत आणि त्यांनी माझा मुद्दा पडत नाही. भाषा ढिली असेल तर हुकूम ढिला निघतो. आता माझं ऐक. एका पतपेढीचं व्याजाचं काम होतं, सी शार्पमध्ये. दर परत देणारं फंक्शन ‘डेसिमल’ देत होतं, म्हणजे दशांश आकडा कागदावर धरतो तसा तंतोतंत. कुणी तरी वेग वाढवायला म्हणून ते ‘डबल’ करून टाकलं. डबल दोनाच्या घातांत चालतो, त्यात शून्य पूर्णांक एक दशांश हा आकडासुद्धा नेमका बसत नाही. ते फंक्शन चौतीस ठिकाणी वापरलेलं, आणि चौतीसही ठिकाणी ‘व्हार’. सगळ्या ओळी आपोआप डबल झाल्या. भागिले शंभर, गुणिले दिवस, सगळं चालू, एकही चूक नाही, एकही सूचना नाही. तिमाहीच्या शेवटी पैशापैशाचा फरक यायला लागला आणि लेखनिक बाई हातानं ताळा करत बसल्या. त्या चौतिसांतल्या एका ओळीत जरी डेसिमल लिहिलेलं असतं तर तिथेच गाडी अडली असती. सी शार्प डबलचं डेसिमल आपण होऊन करत नाही.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात चार प्रमाणं सांगितलीत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे ज्यावर विसंबावं अशा माणसाचं सांगणं. मी टाइप लिहितो तेव्हा माझा शब्द देतो. कंपायलर त्याचं अनुमान काढतो आणि दोन्ही ताडून बघतो. तू शब्द काढून घेतलास तर ताडायचं कशाशी? अनुमान आणि अनुमान, दोघं एकमेकांना माना डोलावणार.

वगळणारी : हे मला पटलं, आणि तुम्ही आधी म्हणत होतात त्यापेक्षा हे वेगळं आहे. आधी तुमचं म्हणणं होतं की वाचणाऱ्याला कळत नाही. ते एडिटरमध्ये माउस नेला की कळतं, नाही नेला तरी बऱ्या नावावरून बरंचसं कळतं. आता तुम्ही म्हणताय की लिहिलेला टाइप ही पाटी नाही, अडसर आहे. पलीकडे बदल झाला की न लिहिलेली ओळ त्याच्याबरोबर वाहत जाते आणि लिहिलेली ओळ त्याला अडवते. पण हे दोन्हीकडून चालतं सर. तीच चौतीस ठिकाणं घ्या आणि चांगला बदल कल्पा : फंक्शन साध्या यादीऐवजी अधिक सोयीचा संग्रह द्यायला लागलं. आता चौतीस अडसर म्हणजे चौतीस दुरुस्त्या. माणूस त्या डोळे मिटून करतो, आणि डोळे मिटून केलेल्या दुरुस्तीत शब्द कुठे राहिला? तुमच्या प्रमाणशास्त्रात आप्तवाक्य आहे, सही ठोकणारा कारकून नाही.

शिवाय पतपेढीत चूक ‘व्हार’ची नव्हती. रक्कम आणि दर हे नुसते आकडे म्हणून फिरत होते, ती होती. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं, कारण एका बाजूनं पौंड-सेकंदांत दिलेला आकडा दुसऱ्या बाजूनं न्यूटन-सेकंद म्हणून घेतला. आकड्यापुढे ‘डबल’ लिहून ते वाचलं नसतं. चार्ल्स सिमोन्यींनी हंगेरियन पद्धत काढली त्यामागचा विचार हाच. ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक दोन्ही पूर्णांक, पण एकाच्या जागी दुसरा गेला तर घोटाळा. म्हणून नावाआधी खूण लावायची, आपल्या लग्नपत्रिकेत ‘चि.’ आणि ‘कै.’ लावतात तशी. दोघंही जोशीच, पण एकाच्या जागी दुसरं छापलं तर काय होईल! पुढे लोकांनी त्याचं विडंबन करून नुसत्या इंट-फ्लोटच्या खुणा चिकटवल्या, म्हणजे कंपायलरला जे आधीच ठाऊक तेच. दर आणि रक्कम असे दोन स्वतंत्र टाइप केले असते तर तो बदल एका जागी, उघड्यावर झाला असता. मग खुशाल चौतीस ‘व्हार’ असू देत.

लिहिणारा : आणि तुझ्या त्या टाइपचं नाव काय ठेवशील? वार्षिक सरळव्याज दर. पुढे त्याची यादी, प्रत्येक खात्यामागे एक. टाइप जितका बोलका तितका लिहायला लांब, आणि लांब म्हणून ‘व्हार’ लिहायचा मोह तितका जास्त. जिथे सांगण्यासारखं सर्वाधिक आहे तिथेच तू गप्प बसणार.

वगळणारी : हो, ते खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आणखी एक पायरी पुढे जाते. सी शार्पमध्ये ‘व्हार’ आला तोच मुळी नाव नसलेल्या टाइपसाठी. डेटामधून नाव आणि शिल्लक एवढंच उचलायचं, तर कंपायलर तात्पुरता टाइप बनवतो. त्याला आपण उच्चारू शकू असं नावच नसतं. लिहायचं म्हटलं तरी काय लिहिणार? बहुधा म्हणूनच भाषांनी क्रम बदलला असावा. सीमध्ये आधी इंट, मग नाव. तिथला इंट काढला तर ही घोषणा आहे हे सांगायला काहीच उरत नाही, म्हणून ‘ऑटो’सारखा भरीचा शब्द लागतो. पास्कलमध्ये विर्थ यांनी १९७० मध्येच नाव आधी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग टाइप असं ठेवलं. स्विफ्ट, कॉटलिन, रस्ट, टाइपस्क्रिप्ट सगळे त्याच वाटेनं गेले. शेपूट गळलं तरी वाक्य उभं राहतं. आपल्याकडेही ‘श्री.’ पुढून लागतं, पण रोजच्या बोलण्यात माधवराव, सुमनताई. मानाचं मागे, आणि जवळिकीत गळणारंही तेच.

लिहिणारा : जवळिकीत. हा शब्द बरा वापरलास. मग वाद एवढाच उरतो की जवळचं कोण. तुझं म्हणणं, फंक्शनच्या आत सगळे घरचेच. मी अशी फंक्शनं पाहिलीत ज्यांच्या आत चारशे ओळी आहेत आणि सहा वर्षांत नऊ माणसांचे हात लागलेत. वाड्याच्या दिंडी दरवाजालाच उंबरठा असतो असं नाही. माजघराला असतो, देवघराला असतो.

वगळणारी : मग चारशे ओळींचं फंक्शन फोडा ना. उंबरठे वाढवण्यापेक्षा खोल्या नीट पाडा. आणि हे ठरवणार कोण? प्रत्येकाला आपली खोली देवघर वाटते. ते जाऊ दे, पतपेढीचं पुढे काय केलंत?

लिहिणारा : आधीच्यासारखं डेसिमल केलं आणि चौतीसही ठिकाणी हातानं डेसिमल लिहून काढलं. एका शनिवारचं काम. परवा सहज उघडून बघितलं. ते फंक्शन मधल्या काळात कुणी तरी पुन्हा डबल केलंय. तेहतीस ओळी गेल्यात, त्या नव्या कोडमध्ये विरल्या. एक ओळ तशीच आहे, डावीकडे माझा डेसिमल आहे. आणि उजवीकडे, फंक्शनच्या हाकेआधी, कंसात कुणी तरी आणखी एकदा ‘डेसिमल’ लिहिलंय, कंपायलरनं ओरडू नये म्हणून.